चोपन्न किलोचं भांडण

बाय, तुझ्या शोकसभेतून मी मधेच उठून आलो. आधीच सांगून टाकतो, नाहीतर दुसरं कुणी तिखटमीठ लावून सांगायचं.

डिचोलीचा तो हॉल, वर गरगरणारे पंखे, मेजावर तुझा हार घातलेला फोटो, आणि एकामागून एक माणसं उठून सांगतायत की डॉक्टर शैला किती शांत, किती मितभाषी, कुणाला दुखवून म्हणून कधी बोलली नाही. शांत? तू? माझे कान अजून वाजतायत गो! तिसऱ्याने ‘ताईंचा आवाज कधी चढलेला कुणी ऐकला नाही’ म्हटलं आणि मला बसवेना. माझं नाव पुकारलं तेव्हा मी बाहेर चपला शोधत होतो. संध्याकाळी तुझ्या वहिनीचा फोन आला, “विठूदा, बरां नाय काय तुमकां?” म्हटलं, पोटात कळ आली.

मला बोलायचं होतं, पण त्या लोकांशी नाही. त्यांना मी काय सांगणार? ही बाई खेळाडूंच्या आहारावर संशोधन करायची, देशाच्या संघांबरोबर अर्धं आयुष्य काढलं, परदेशातले लोक हिचे निबंध वाचून हिला बोलावणी धाडायचे, हे सगळं त्या निवेदकाने घसा खाकरून वाचून दाखवलं. मला तुझ्याशी बोलायचं होतं. बोलायचं म्हणजे भांडायचंच. भांडण अर्ध्यावर टाकून गेलीस तू, आणि हे काही बरं केलं नाहीस.

तेव्हापासून माझं बूड एका जागी टेकत नाही. कदेलावर बसलो की उठतो, जनेलाशी जाऊन बाहेर बघतो, पुन्हा येऊन बसतो. आमच्या घरची म्हणते, “किल्ल्यार जरा फिरान येवा, नायतर माका तरी धाडा.” तिला काय सांगू? तुझ्यासाठी धड रडायलाही मला सवड नाही, कारण सानिकाचं वजन कळवायचं आहे.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, म्हणजे माझंही डोकं जरा ठिकाणावर येईल. सानिका एकोणीस वर्षांची. बाप कुडाळकडचा, डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवतो. माझ्या पेडण्याच्या बॉक्सिंगच्या हॉलात आली तेव्हा तिला ग्लोव्हज मनगटात बसत नव्हते, आता तिच्या डाव्या हाताला मी सुद्धा पॅड धरताना पाय रोवून उभा राहतो. राष्ट्रीय संघाची निवड चाचणी पुढच्या आठवड्यात आहे. ती कुठल्या वजनगटात खेळणार ते शुक्रवारपर्यंत कळवायचं. मी म्हणत आलो एक्कावन्न किलो. तू म्हणत आलीस चोपन्न. तू असेपर्यंत त्याचा निकाल लागला नाही, आणि आता निकाल लावायला मी एकटा.

एक्कावन्नात ती सगळ्यांपेक्षा उंच. हात एवढे लांब की समोरचीला जवळच येऊ देत नाही. त्या गटातल्या पहिल्या दोघींना तिने आधी धुतलेलं आहे. चोपन्नात उत्तरेतली ती डावखुरी बसलीय, तिच्यासमोर भल्याभल्या पोरी दुसऱ्या फेरीत भिंत शोधतात. हे मी तुला किती वेळा सांगितलं? आणि दर वेळी तू एकच म्हणायचीस, “विठूदा, एक्कावन्नात सानिका जाता तेव्हा सानिका रवता खंय?”

पण मी सुरुवातीपासून सांगतो. मला क्रम चुकवून चालणार नाही, नाहीतर मी उठून पुन्हा जनेलाशी जाईन.

राष्ट्रीय संघाच्या कॅम्पात मी प्रशिक्षक होतो आणि तू आलीस तेव्हा तिकडे उत्तरेत थंडी अशी होती की पोरी सराव संपला तरी ग्लोव्हज काढत नव्हत्या. तू नुकती डॉक्टरेट झालेली, बगलेत तक्त्यांची गुंडाळी. सरावाआधी हे, सरावानंतर ते. ओट्स, कसल्या कसल्या बिया, उकडलेली ब्रोकोली. मी मागे उभा राहून आपल्याच बोलीत पुटपुटलो, “ही आता आमच्या चेडवांका तण घालतली.” तिथे कोण समजणार, या भरवशावर. तू तक्ता टांगता टांगता मागे न बघताच म्हणालीस, “तण नाय ओ, भाजी म्हणतत तेका. खंयचे तुमी?” म्हटलं, हळर्ण. “मी सर्वणची,” म्हणालीस, आणि मग आपण दोघं त्या परक्या मुलखात उभ्या उभ्या बांगड्याच्या आमटीवर बोलायला लागलो. खेळाडू बिचारे बघत राहिले, की दोन्ही सरमॅडम एवढं कशावरून भांडतायत. भांडत नव्हतो. आपलं बोलणंच तसं.

तुझा तक्ता पोरींनी भिंतीला लावला आणि ब्रोकोली मेसमागच्या कुत्र्यांना घातली. महिन्याभरात कुत्री तेवढी तुकतुकीत झाली. वह्यांमध्ये मात्र सगळ्यांनी लिहून ठेवलेलं, की आम्ही सगळं खाल्लं. मला वाटलं, आता ही रडेल किंवा वर तक्रार करेल. तू दुसऱ्या दिवशी मेसमध्ये जाऊन उभी राहिलीस ती जिथे ताटं विसळायला टाकतात तिथे, उष्ट्याच्या बालदीजवळ. हातात छोटा वजनकाटा. येईल त्या ताटातलं उरलेलं काढायचं, तोलायचं, मग बालदीत. आपल्याकडे दुसऱ्याच्या उष्ट्याला हात लावायचा तर घरातली माणसंसुद्धा नाक मुरडतात, आणि ही डॉक्टर झालेली बाई कोपरापर्यंत बरबटलेली! स्वयंपाकी मला बाजूला घेऊन म्हणाला, मॅडमचं काही बिनसलंय का? मी म्हटलं, जन्मतःच. तुला विचारलं तर तू म्हणालीस, “खाल्लेल्याचा लोक खोटां सांगतत. टाकलेल्याचा कशे सांगतले?”

त्याच बालदीतून तुला कळलं की संघातली एक पोरगी आठवडाभर निव्वळ डाळीच्या पाण्यावर आहे आणि चपात्या रुमालात गुंडाळून नेते. वजनात बसायचं म्हणून. तिच्या प्रशिक्षकाला पत्ता नव्हता. तो प्रशिक्षक कोण ते सोड.

मग तुझे तक्ते भिंतीवरून उतरले. तू पोरींजवळ मांडी घालून बसायला लागलीस. तुझी आई काय करते? परीक्षेच्या दिवशी काय खाऊन जायचीस? ताप उतरला की पहिलं काय मागायचीस? हरयाणाच्या पोरीला चुरमा आला, मणिपूरच्या पोरीला सुकी मासळी आली आणि सगळ्या मजल्याला वास आला. आणि आपली पेज आली. उकड्या तांदळाची, मीठ घातलेली, सकाळी दहाच्या सुमाराला, जशी आपल्याकडे शेतावर देतात. पाणी, मीठ आणि पोटाला आधार, एका कोपात, म्हणजे पेल्यात, सगळं. परदेशी पाहुण्यांसमोर तू त्यावर इंग्रजीत भाषण केलंस आणि मी मागे बसून हसू दाबत होतो. माझ्या आयशीने जन्मभर जे केलं त्याचा तू आलेख काढून आणला होतास.

त्या पेजेवरून आपलं पहिलं मोठं वाजलं. आठवतं ना? ती मणिपूरची पोरगी, स्पर्धेच्या सकाळी वजन द्यायचं. तू दुसऱ्या संघाबरोबर गेली होतीस, जाताना सांगून गेलीस, वजन होईपर्यंत तिला काही खायला देऊ नकोस. मी नाही दिलं. देवाशप्पथ नाही दिलं. पोरगी गळून बसली होती, म्हणून पेजेची वरची निवळ तेवढी दिली, दोन कोप. निवळ म्हणजे खाणं नव्हे, बाय! हळर्णात कुणालाही विचार. उपासाला चालते, आजाऱ्याला चालते, तान्ह्या पोराला चालते. पोरगी काट्यावर चढली, वजन जरासं वर गेलं, आणि न खेळता बाद. तू परत आलीस ती माझ्यावर अशी ओरडलीस की शेजारच्या हॉलातले कुस्तीवाले बाहेर आले. “निवळीक वजन नाय काय, विठूदा? पाण्याक वजन नाय?” मी म्हटलं, खाऊ नको म्हणालीस, पिऊ नको कुठे म्हणालीस? चूक तुझी. मी आजही म्हणतो, तुझीच. सर्वणची बाई हळर्णच्या माणसाला ‘खायला देऊ नको’ सांगते आणि निवळीचं वेगळं सांगत नाही, म्हणजे काय?

तीन दिवस बोलली नाहीस. चौथ्या दिवशी बैठक होती. एका पदाधिकाऱ्याने त्या प्रकारावरून माझी कातडी सोलायला घेतली. अडाणी म्हणाला, जुन्या वळणाचा म्हणाला, याला घरी धाडा म्हणाला. मी मान खाली घालून बसलो होतो. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, सूचना मी दिली होती, ती अपुरी होती, जबाबदारी माझी. एवढंच बोलून खाली बसलीस. बाहेर आल्यावर मी आभार मानायला तोंड उघडलं तर तू बोट नाचवलंस, “गप राव. चूक तुझीच आसा. पण ती माका सांगूक मिळूची, तेका नाय.” असं कोण करतं गो? मी त्या दिवशी तुझे आभार मानले नाहीत, नंतरही राहिलेच. आता मानतो. ऐकून घे, आणि बोट नाचवू नकोस.

मी निवृत्त होऊन पेडण्याला हॉल काढला. तू काही वर्षांनी सर्वणला परतलीस. कॅम्पांची बोलावणी यायची, जायचीस, पण गुरुवार माझ्या हॉलाचा. तुझी ती लाल गाडी वळणावर दिसली की पोरी पटापट डबे उघडून ठेवायच्या. मी सोडून कुणी तुला घाबरत नव्हतं, तरी.

सानिकाचं दुखणं तूच पकडलंस. तिची नडगी दुखायची. मी म्हटलं, धावण्याने दुखते, कमी धाववतो तिला. तू तिला घेऊन मागच्या खोलीत गेलीस आणि बाहेर आलीस तेव्हा तुझा चेहरा दगडासारखा होता. “विठूदा, हिची महिन्याची तारीख कधी चुकली ती तुका ठावक आसा?” मी इकडे तिकडे बघायला लागलो. असल्या गोष्टी मी कशा विचारणार? पोरीच्या बापाच्या वयाचा मी. तू म्हणालीस, “तू तिचा वजन रोज सकाळी इचारतस, तेव्हा लाज वाटता? ह्यां पण इचार.” आणि मग मला कदेलावर बसवून शाळेतल्या पोरासारखं शिकवलंस. माणूस खातो त्यातलं सरावाला जातं. उरतं त्यावर अंग आपला संसार चालवतं. काही उरलंच नाही की अंग एक एक खोली बंद करत जातं. आधी महिन्याची पाळी बंद, मग हाडं भरून येणं बंद, मग झोप, मग डोकं. पोरगी बाहेरून धावतेय, आत घर अंधारात.

मी म्हटलं, आम्ही काय केलं मग? मी स्वतः वजन देण्याआधी रेनकोट घालून उन्हात धावलोय, दिवसभर डबीत थुंकत बसलोय, पाण्याचा घोट न घेता रिंगणात उतरलोय. आम्ही काय मेलो?

“नाय मेलात,” तू म्हणालीस. “पण दर उन्हाळ्यात मुतखड्यान गडबडा लोळतस तो कोण?”

मीही तोडीस तोड बोललो. म्हटलं, तुझ्या पोरी निरोगी राहतात आणि पदक दुसऱ्या राज्यात जातं. ते तुला लागलं असेल. मला माहीत होतं लागेल. पण मी ते खोटं नव्हतो बोललो, बाय. एकोणीस वर्षांच्या पोरीला संधीचं दार किती दिवस उघडं असतं? दोन वर्षं? तीन? मग लग्न, नाहीतर नोकरी, नाहीतर गुडघा. तिचा बाप टिपर चालवतो. खाणी बंद होत्या तेव्हा त्या घराने काय दिवस काढले ते तुलाही ठाऊक आहे. संघात निवड झाली तर तिला सरकारी नोकरीची आशा. तू निबंध लिहायचीस तेव्हा समोर शंभर पोरी असायच्या. माझ्यासमोर ही एक होती. ती एक बरी झाली पाहिजे असं तुला वाटायचं, ती एक जिंकली पाहिजे असं मला. तिचं वाईट कोण चिंतत होतं, सांग?

तिथून आपण दर भेटीत भांडलो. तू तिचं खाणं वाढवलंस. उसळ, अंडी, नाचणीची भाकरी, गुरुवारी तू स्वतः आणलेला डबा. पोरगी चोपन्नावर गेली. मी कपाळावर हात मारला. आणि मग तुझंच अंग बिघडलं.

सर्वणला मी शेवटचा आलो तेव्हा तू खाटेवर भिंतीला टेकून बसली होतीस. वहिनींनी पेज आणून दिली, वर मिठातला आंब्याचा तुकडा. तू कुलेर हातात घेऊन पेजेत बुडवलीस, खाली ठेवलीस. पुन्हा घेतलीस. माझ्याकडे बघून बोलत राहिलीस, म्हणजे मी बशीकडे बघू नये. आणि मी, एवढी वर्षं तुला हसलेला माणूस, बशी उचलून मोरीवर घेऊन गेलो आणि किती उरलंय ते बघत उभा राहिलो. सगळं उरलं होतं. आतून तुझा आवाज आला, “विठूदा, तोलू नको तां.” नळ सोडून तिथेच थांबलो थोडा वेळ. मला वाटतं, तुला कळलं का थांबलो ते.

परत येऊन बसलो तर तू काय बोलावंस? दुखण्याबद्दल नाही, औषधाबद्दल नाही. “चोपन्न. कबूल कर.” मी म्हटलं, एक्कावन्न. तू म्हणालीस, चेहरा बघ कसो हट्टी. मी म्हटलं, आधी बरी हो, मग बघू. तू म्हणालीस, “मगे बोलूया.” डोळे मिटलेस. आपलं शेवटचं बोलणं हे. मगे बोलूया म्हणे! कुणाशी बोलू?

आता आजचं सांगतो. आज गुरुवार, उद्या कळवायचंय. सकाळी सानिकाला हॉलात बोलावलं. ती काही विचारायच्या आधीच म्हणाली, “सर, एक्कावन्न लिवा. माका जमतला. आठवडोभर मी नीट जेवचंय नाय, शेवटच्या दिसा पाणी सोडतंय. मॅडम आता काय बोलूच्यो नाय.”

मॅडम आता काही बोलणार नाहीत. तिने ते वाईट मनाने म्हटलं नाही. तिला मला खूष करायचं होतं. पण मला असा राग आला की पॅड भिंतीवर फेकले. कुणाचा राग ते कळेना. इतकी वर्षं मी हेच मागत होतो, की या बाईने मधे बोलू नये, आणि आता कोणी मधे नव्हतं.

मग मी तारखेचं विचारलं. तू सांगितलं होतंस तसंच, सरळ, इकडे तिकडे न बघता. कान तापले माझे, पण विचारलं. ती खाली बघून म्हणाली, “झाली सर. गेल्या म्हयन्यात. आधीच्या म्हयन्यात पण.” एवढं बोलून ती दोरीच्या उड्या मारायला पळाली.

मी तिथे बराच वेळ फेऱ्या मारल्या. एक गोष्ट ध्यानात आली, ती तुला सांगायची तर जीभ जड होते. मी एक्कावन्न एवढ्या बेधडक का म्हणायचो माहीत आहे? कारण तू चोपन्न म्हणणार हे ठरलेलं असायचं. घाटात मी गाडी जोरात हाणायचो, कारण ब्रेकवर तुझा पाय होता. माझं एक्कावन्न मला स्वतःला कधी तपासून बघावं लागलं नाही. ते काम तुझं. आता पोरीचं अंग आणि पोरीचं नशीब दोन्ही माझ्याच हातात, आणि ‘नाही’ म्हणायला कोणी नाही. मग मलाच म्हणावं लागलं.

आजच चोपन्न कळवून टाकलं. पटलं म्हणून नाही. हे लक्षात ठेव. पटलेलं नाही मला.

*

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. आता चाचणी होऊन गेली. आम्ही कालच परत आलो.

ती हरली, बाय.

नशीब बघ, पहिल्याच दिवशी डावखुरी समोर आली. पहिल्या फेरीत आमचीला रिंगण सापडेना, दुसरीतही जेमतेम सावरली. तिसरीत मात्र काहीतरी झालं. तिसऱ्या फेरीत सानिकाचे पाय नेहमी शिशाचे होतात, तुला माहीत आहे, तिथेच ती सामने घालवायची. या वेळी ती पुढे चालत राहिली. डावखुरी मागे जाताना मी आजवर बघितली नव्हती, ती मागे गेली. तिसरी फेरी आमची होती, सगळ्या हॉलाने बघितली. पण पहिली साफ गेलेली, दुसरी तीन पंचांनी तिला दिलेली. दोन पंच आमच्या बाजूने, तीन तिच्या.

आणि एक्कावन्नात कोण निवडली गेली सांगू? जिला सानिकाने दोनदा धुतलंय, तीच.

म्हणजे मी बरोबर होतो. ऐकतेस? इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे पुरावा आहे. तुझ्यासमोर येऊन, मेजावर हात आपटून, ‘सांगितलं होतं की नाही’ म्हणायची मी केवढी वाट बघितली होती! तू लगेच तिसरी फेरी काढली असतीस. ते पाय कुठून आले, विठूदा? मी पहिल्या दोन काढल्या असत्या. मडगाव स्टेशनपासून हळर्णपर्यंत वाजलं असतं आपलं, पोरींनी कानात बोळे घातले असते. त्याऐवजी गाडीत मी बाहेर बघत बसलो. जिंकलो आणि तोंडाची चव गेली.

सानिकाचा बाप स्टेशनवर आला होता. पोरीला जवळ घेतलं, पिशवी उचलली, मग मला जरा बाजूला नेलं. माणूस गरीब स्वभावाचा, कधी वर आवाज करून बोलला नाही. म्हणाला, “सर, रागवा नकात. खालच्या वजनात खेळयला असतात तर आज चेडू जिकला असता. तुमीच म्हणी होतात ना तसा? त्या बाईचा कित्याक आयकलात? ती तर गेली.”

शब्द न् शब्द माझा होता. मी मान हलवायला हवी होती. म्हणायला हवं होतं, होय बाबा, माझं तेच मत होतं, आहे.

आणि मी त्याच्यावर ओरडलो. भर स्टेशनवर. म्हटलं, त्या बाईमुळे तुझ्या पोरीची हाडं शाबूत आहेत. म्हटलं, तिसऱ्या फेरीत पोरगी कुणाच्या जेवणावर उभी राहिली ते विचार तिला. खोल्या बंद पडतात म्हटलं, घर अंधारात जातं म्हटलं, सगळं तुझं बोलणं, पण तुझ्यासारखं नीट लागत नव्हतं. एकातून दुसरं निघत नव्हतं, मधेच अडकत होतो. तो बिचारा पिशवी धरून बघत राहिला. त्याला काही पटलं नाही. कसं पटणार? मलाच पटलेलं नाही.

सानिका जवळ येऊन म्हणाली, “सर, पुरे. चला.” तिच्या डोळ्याखाली काळं निळं झालेलं, पण ती नीट उभी होती.

बाय, तुझे निबंध कपाटात राहतील, परदेशातले लोक वाचतील. पण इथे, पोरीच्या बापासमोर, तुझ्या बाजूने भांडायला आता मीच उरलोय. आणि मला ते येत नाही गो.